आमच्या घरची शाळा, शिफ्ट सकाळची!

"कितवीत आहे हो मुलगी?"

हा प्रश्न आपल्याकडे कुणीही, कुठेही विचारतं. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सलूनच्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला असताना. दुसऱ्याच्या मुलांबद्दल विचारायला दुसरा विषयच नसतो ना! मी दर वेळी एक सेकंद अडखळतो आणि मग सांगून टाकतो, "ती शाळेत जात नाही. घरीच शिकते." समोरचा माणूस इकडे-तिकडे बघतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, "का? काही... प्रॉब्लेम आहे का?"

तर मंडळी, आज त्या प्रॉब्लेमचीच गोष्ट. होमस्कूलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकतर आठव्या वर्षी कोडिंग करणारं कार्टं येतं, नाहीतर नोकऱ्या सोडून शेतावर राहायला गेलेलं खादीधारी जोडपं. आम्ही दोन्हीतले नाही. मी हिंजवडीत आयटीवाला, बायको मुग्धा विमा कंपनीत. कोथरूडमध्ये टू बीएचके, त्याचा ईएमआय आणि एक मुलगी, ईरा. म्हणजे अगदी तुमच्यासारखेच. लिहायला बसलोय त्याचं कारणही तेच आहे. डबा खाताना शेजारची खुर्ची ओढून "तुम्ही नक्की करता काय रे दिवसभर?" असं हळूच विचारणारे कलीग्ज गेल्या वर्षभरात फार वाढलेत.

रविवारची पोटदुखी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ईरा सीनियर केजीत होती. पहिली आणि बरीचशी दुसरी तिने माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर काढली. मॅडम म्यूटवर, ईरा टेबलाखाली. जून २०२२ मध्ये तिसरीचा वर्ग सुरू झाला आणि ती पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या वर्गात जाऊन बसली. तिथे फळाभर इंग्रजी मजकूर, तो तासाच्या आत वहीत उतरवायचा. हिला धड वाचताच येत नव्हतं. वही अपुरी, मग शेरा, मग वर्गात उभं राहणं. दोष कुणाला द्यायचा? वर्गात पंचेचाळीस मुलं, बाईंना पोर्शन संपवायचा. पण गणपतीपर्यंत अशी वेळ आली की दर रविवारी रात्री आठ वाजता ईराचं पोट दुखायला लागायचं. सोनोग्राफी झाली, डोळे तपासून झाले, रीतसर असेसमेंट करून झालं. निष्कर्ष काय, तर वाचनाचा वेग कमी आहे, बाकी बुद्धी चांगली, वेळ द्या.

वेळ द्या! अहो, पण कुठून?

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री मुग्धा म्हणाली, "सुट्टीनंतर नको पाठवू या. एक टर्म. बघू तरी." मी हो म्हटलं. खरं सांगतो, तेव्हा होमस्कूलिंग वगैरे काही डोक्यात नव्हतं. पोटदुखी थांबवायची होती, बस्स.

मी उघडलेली वाईट शाळा

पहिल्या महिन्यात मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. अठरा हजारांचं एक चकाचक किट मागवलं. डायनिंग टेबलासमोर व्हाइटबोर्ड ठोकला. एक्सेलमध्ये टाइमटेबल केलं, विषयागणिक रंग. साडेआठला गणित, सव्वानऊला इंग्लिश, दहाला दहा मिनिटं ब्रेक. चौथ्या दिवशी मी ईरावर असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला आल्या. बाईंनी जे कधी केलं नव्हतं ते मी केलं. वही टरकावली. ईरा काही बोलली नाही, बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली.

म्हणजे मुलीला एका शाळेतून काढून तिच्यापेक्षा वाईट शाळेत घातलं होतं, आणि तिचा हेडमास्तर होतो मी.

त्याच सुमारास एका होमस्कूलर आईने मला जॉन होल्ट वाचायला दिला. हा अमेरिकन शिक्षक. वर्गात बसून मुलं कशी घाबरतात, बाईंना हवं ते उत्तर कसं शोधत बसतात, ते बघून त्याने १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं, 'हाऊ चिल्ड्रन फेल'. शाळा सुधारता सुधारता थकला आणि १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिकच काढलं. त्याचं सगळं मला पटत नाही. (मूल आपलं आपण सगळं शिकतं म्हणे. आमची ईरा आपली आपण दातसुद्धा घासत नाही.) पण त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट कामाला आली. होमस्कूलर मंडळींत असा एक ठोकताळा आहे की मूल जितकी वर्षं शाळेत गेलं, निदान तितके महिने त्याला मोकळं सोडायचं. पुस्तक नाही, वही नाही, "आज काय शिकलीस?" नाही. त्याला ते डीस्कूलिंग म्हणतात. व्हाइटबोर्ड उतरवला. त्याची चार भोकं अजून भिंतीत आहेत.

ते तीन महिने भयंकर गेले. माझे! ईरा मजेत होती. चिखल, पत्ते, मांजर आणि झोप. जानेवारीतल्या एका रविवारी रात्री आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. मुग्धाने माझ्याकडे बघितलं. पोट दुखलं नव्हतं.

नोकरी करून जमतं का?

हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, म्हणून आधी उत्तर. जमतं, पण दोघांच्या वेळा एकमेकांत बसवाव्या लागतात. मी मॅनेजरशी बोलून यूकेच्या प्रोजेक्टवर गेलो. दुपारी दीड ते रात्री साडेदहा, आठवड्यातले तीन दिवस घरून. म्हणजे सकाळ माझी. मुग्धा सहाला घरी येते, संध्याकाळ तिची. मधले चार-पाच तास ईरा दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आजीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. त्या बदल्यात माझं एक प्रमोशन हुकलं. ते आतून अजून टोचतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

आणि शिकवायला किती वेळ लागतो? ऐकून धक्का बसेल. दीड ते दोन तास! शाळेच्या सहा-सात तासांत प्रार्थना, हजेरी, रांगा, वह्या वाटणं आणि चव्वेचाळीस जणांचं होईपर्यंत वाट बघणं असतं. एकास एक बसलं की तेवढंच काम चहा निवायच्या आत होतं. उरलेल्या वेळाचं काय करायचं हाच खरा प्रश्न असतो. आमच्याकडे त्याचं उत्तर आजीने दिलं.

आजींचं पहिल्या दिवसापासून मत असं, की जावयाला वेड लागलंय. "शाळेत जात नाही ती मुलगी मोठी होऊन करणार काय?" असं त्या मला ऐकू जाईल अशा बेताने मुग्धाला विचारायच्या. एके दिवशी ईरा तिकडून आली ती गुणगुणतच. मी म्हटलं काय गातेय? तर म्हणे, दिडकी!

मला ऐकून माहीत होतं, येत मात्र नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना येतं? पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा. आणि औटकी? साडेतीनचा! सासूबाईंनी हे सगळं लहानपणी शाळेत घोकलेलं आणि अजून तोंडपाठ. आपण इंग्रजी मीडियमवाले थ्री बाय फोर, थ्री बाय टू असे अपूर्णांक पाचवीत रडतखडत शिकतो. इथे भाषेतच प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. मुलीला ते शब्द बोलण्यातून आधीच माहीत होते, त्यांना आकडा तेवढा चिकटवायचा राहिला होता.

मग मंगळवार हा मंडईचा दिवस ठरला. आजी, ईरा आणि दोन पिशव्या. नियम असा की हिशेब ईराने करायचा, भाजीवाल्या मावशींच्या आधी. वांगी ऐंशी रुपये किलो, आजीला पाऊण किलो हवी. किती झाले? सुरुवातीला ती बोटं मोडत बसायची, मावशी हसायच्या. आता "साठ" हे उत्तर माझ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरआधी येतं. कोथिंबिरीच्या जुडीत घासाघीसही करते, हा सिलॅबसबाहेरचा भाग.

(जाता जाता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी 'वीस एक' असंही वाचायला सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही हसणाऱ्यांत होतो. पण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात रोज गोते खाणारं मूल घरात असलं की हसू येत नाही. आम्ही दोन्ही वापरतो. आधी सत्तर नऊ, मग एकोणऐंशी.)

वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी...

गणित असं सुटलं, वाचन सुटेना. ईराला नववं लागलं तरी ती ओळ वाचताना शब्द अंदाजाने ठोकून द्यायची. माझी रात्रीची झोप उडालेली. तिथे एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. इंग्रजी बाजूला ठेवलं. घरात मराठी बोलतो, स्वप्नंही मराठीत पडतात, तर वाचायला मराठीतच शिकू या. देवनागरीचा मोठा फायदा म्हणजे क म्हटलं की क. इंग्रजीतल्या 'सी'सारखा तो कधी क, कधी स होत नाही. र्‍हस्व-दीर्घाची आणि जोडाक्षरांची मारामारी आहे, पण ती नंतरची.

पुस्तक बघितलं की मात्र तिचे खांदे वर चढायचे. मग पुस्तकच काढून टाकलं. पुण्यात मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली होती. आम्ही आठवड्यातून दोनदा नुसतेच जाऊन येऊ लागलो. खेळ असा की दार उघडायच्या आत पाटी वाचायची. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज. तीन-चार आठवड्यांत पाठ झाल्या, म्हणजे वाचन नाहीच. म्हणून उतरून रस्त्यावरच्या पाट्या. 'येथे झेरॉक्स काढून मिळेल.' 'गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल.' पुणेरी पाट्या हे वाचायला शिकण्याचं फर्स्टक्लास साधन आहे, कारण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय अपमान कळत नाही! ऑगस्ट २०२३ मध्ये मेट्रो रूबी हॉल क्लिनिकपर्यंत गेली, नवी स्टेशनं आली. 'छत्रपती संभाजी उद्यान'पाशी ईरा थांबली. छ, त्र... दार बंद झालं, गाडी सुटली, ती मागे वळून वाचतच होती. "उद्... उद्यान!" शेजारच्या काकांनी टाळी दिली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

त्यानंतर पुस्तकं आली, तीही फुकटातली. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. त्यांच्याच 'किशोर' मासिकाचे, अगदी १९७१ पासूनचे, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर आहेत. ईराने त्यातले आमच्या जन्माआधीचे अंक शोधून काढलेत. अरविंद गुप्तांच्या साइटवर काडेपेटी, स्ट्रॉ आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबपासून करायची शेकडो खेळणी आहेत, मराठीतली पुस्तकंही. आईबाबांसाठी 'पालकनीती' मासिक आणि 'तोत्तोचान'. ते अठरा हजारांचं किट? त्यातला तराजू तेवढा वापरात आहे.

विज्ञानाला आमच्याकडे वेताळ टेकडी. एक वही, त्यात तारीख, वेळ आणि काय दिसलं. उन्हाळ्यात तांबट दिवसभर टुकटुक करतो, तो दिसत मात्र नाही. हिने तीन आठवडे मागावर राहून शोधला. इतिहास-भूगोल आमचा कच्चा आहे. विचारू नका.

कायदा काय म्हणतो?

ऑफिसातला दुसरा प्रश्न, "पोलीस पकडत नाहीत का?" नाही पकडत. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाही. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं कलम १० सांगतं, पण न केल्यास पालकाला शिक्षा असं काही त्यात नाही. म्हणजे परवानगीचा शिक्काही नाही आणि गुन्हाही नाही. हे असं अधांतरी राहणं ज्यांना झेपत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच कायद्याचं कलम ४ मात्र पाठ करून ठेवा. शाळेबाहेर असलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क ते देतं. म्हणजे परतीचं दार उघडं आहे. मला हे पहिल्या महिन्यात कळलं असतं तर बीपीची गोळी लागली नसती.

दहावीचं म्हणाल, तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. १९८९ पासून. वय १४ पूर्ण हवं, आठवीचा दाखला नसला तरी स्वतःचं घोषणापत्र चालतं. किमान पाच विषय घ्यायचे, आणि त्यात चित्रकला, मानसशास्त्र, गृहविज्ञान असलेही पर्याय आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि सुटलेला विषय सुटला तो सुटलाच. त्याआधी हवं असेल तर तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे ए, बी, सी असे टप्पेही आहेत.

इथे कुणीतरी हमखास मुंबईच्या मालविका जोशीचं नाव काढतं. घरी शिकली, इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये थेट एमआयटीत गेली. कौतुकच आहे. पण बारावीचं सर्टिफिकेट नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही त्याच बातमीत होतं. आणि आपल्या घरी मालविका असेलच असं धरून नोकरीच्या वेळा बदलू नका. आमच्या घरी ईरा आहे.

एक फुकटचा सल्ला. दर महिनाअखेरीला दोन पानं लिहून ठेवा. काय वाचलं, कुठे गेलो, काय जमत नाही, चार फोटो, तारखेसकट. उद्या कुणी विचारलं तर फाइल पुढे करता येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे "काहीच होत नाहीये" असं वाटणाऱ्या रात्री ती स्वतःला वाचता येते. अशा रात्री खूप येतात. मुग्धाला रविवारी येतात, मला मीटिंगच्या मध्येच.

मला रांगेत उभं राहायचंय

आता जे लिहिणार आहे ते लिहू का नको, असा दोन दिवस विचार करत होतो.

मैत्रिणींचं कसं, हा तिसरा प्रश्न. त्यावर माझं उत्तर तयार असायचं. सोसायटीत संध्याकाळी पाच ते सात क्रिकेट, शनिवारी सकाळी बागेत इतर होमस्कूलर मुलं, आजीचा भजनी ग्रुप. सगळं खरं आहे. पण सोसायटीतल्या मुली खेळताना त्यांच्या वर्गातल्या गोष्टी बोलतात. कुणाचा डबा कुणी खाल्ला, कुणी कुणाची नक्कल केली. ईरा तेव्हा बुटाची लेस सोडून परत बांधते. मी ते बाल्कनीतून बघितलंय, एकदा नाही.

गेल्या महिन्यात जेवताना म्हणाली, "बाबा, मला शाळेत जायचंय."

"का गं?" माझा घास तसाच.

"मला रांगेत उभं राहायचंय. आणि डबा खायचाय सगळ्यांबरोबर."

मुग्धा लगेच म्हणाली, "जाऊ या की बघायला." मी काहीच बोललो नाही. नंतर भांडी घासताना मुग्धाने अचूक पकडलं. "तुला राग आलाय." आला होता. इतकं केलं, प्रमोशन गेलं, मेट्रोचे पास काढले, आणि हिला रांग हवी! मुग्धा म्हणाली, "अरे, तुझ्यावर रागावून जात नाहीये ती. रविवारी पोट दुखणारी मुलगी आपण होऊन शाळा मागतेय. अजून काय हवं होतं आपल्याला?"

मी फरशीवरचं पाणी पुसत राहिलो. बाई बरोबर बोलत होती, पण ते लगेच कबूल करायला जीभ वळली नाही.

आम्ही तिघं जाऊन एक शाळा बघून आलो. घरापासून चालत बारा मिनिटं, मराठी माध्यम, वर्गात पंचवीस-तीस मुलं, मागे चिंचेचं झाड. मुख्याध्यापिकाबाईंना मी फाइल दाखवली. त्यांनी टेकडीची वही दोनदा चाळली आणि म्हणाल्या, "वयाप्रमाणे जो वर्ग असेल त्यात बसेल. वाचन हळू असलं तर असू दे, आमच्याकडे बरेच आहेत." ईराने त्यांना विचारलं, मंगळवारी लवकर सुटता येईल का? मंडईत जायचं असतं. बाई म्हणाल्या, नाही. मग मंडई रविवारी न्यावी लागेल, असं आजीला फोन करून तिथल्या तिथे ठरलं. आजी इतक्या खूश झाल्या की मला पहिल्यांदाच 'शहाणे आहात हो' म्हणाल्या. उपरोधाने नसावं.

नक्की अजून काहीच नाही. ईराचं म्हणणं, आवडलं नाही तर दिवाळीनंतर परत घरी. मुग्धाचं म्हणणं, निदान एक वर्ष. माझं म्हणणं कुणी विचारलेलं नाही.

काल सकाळी प्रवेशाचा फॉर्म ईराने स्वतः भरायला घेतला. पेनने, मराठीत. दोन पानांना चाळीस मिनिटं लागली. 'कोथरूड'चा रू र्‍हस्व काढला, मी बोललो नाही. 'पूर्वीच्या शाळेचे नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"बाबा, इथे काय लिहू?"

सव्वा वाजला होता. पंधरा मिनिटांत माझा कॉल, आणि तिला आजीकडे सोडायचं होतं. "तेवढं रिकामं ठेव," म्हटलं, "संध्याकाळी आईला विचार." तिने त्या ओळीवर पेन्सिलीने एक छोटी फुली केली, फॉर्म टेकडीच्या वहीत ठेवला आणि चपला शोधायला गेली.